आधी इंधनाचा हिशेब

अमेरिकेत डॉजने 2015 च्या मॉडेल-वर्षासाठी चॅलेंजर हेलकॅट ही 707 हॉर्सपॉवरची सुपरचार्ज्ड गाडी आणली. 2018 च्या डेमनमध्ये हा आकडा 808 वर नेताना सुपरचार्जर 2.4 वरून 2.7 लिटरचा झाला, आणि एकाऐवजी दोन फ्युएल पंप आले. हौसेने गाडी ट्यून करून घेणाऱ्यांनी त्यातला पंपाचा बदल नीट पाहावा. खासगी गॅरेजमध्ये अनेकदा बूस्ट वाढवणारी छोटी पुली आधी बसते आणि इंधनाची आठवण इंजिन नॉक करू लागल्यावर होते. तोवर उशीर झालेला असतो. कोंबलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की मिश्रण लीन होते, तापमान चढते आणि पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात.

हिशेब अवघड नाही. सुपरचार्ज्ड इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला ढोबळमानाने 280 ग्रॅम पेट्रोल लागते. म्हणजे 800 हॉर्सपॉवरला तासाला सुमारे 300 लिटर. आठ सिलिंडरांत वाटले तर प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला 625 सीसी येतात. इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवू नये, हा संकेत पाळला तर निदान 780 सीसीचा इंजेक्टर हवा. थोडा मोठा घ्यावा. पण दुप्पट मोठा घेण्यात शहाणपण नाही, कारण आयडलला अगदी थोडे पेट्रोल अचूक सोडणे त्याला कठीण जाते.

खरी फसगत पंपात होते. डब्यावरचा आकडा ठरावीक दाबाचा असतो. बूस्टशी जोडलेला रेग्युलेटर मात्र बूस्ट वाढेल तसा इंधनाचा दाबही वाढवतो: मूळ 4 बार असेल, तर 1 बार बूस्टला पंपाला 5 बारवर काम करावे लागते. मोटर तीच ठेवून पाणी दुसऱ्याऐवजी सहाव्या मजल्यावर चढवले तर धार बारीक होते, तसेच हे. म्हणून पंप निवडताना 5 बारला तो किती लिटर देतो, हेच विचारावे. जुन्या बारीक वायरीत व्होल्टेज पडले तरी प्रवाह घटतो. स्वतंत्र रिले आणि जाड वायर हा या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे.

कोणते इंधन वापरणार, हे मात्र या सगळ्याच्या आधी ठरले पाहिजे. 2023 च्या डेमन 170 ने 1,025 हॉर्सपॉवर गाठली ती ई-85 वर. त्यात इथेनॉल जास्त असल्याने नॉकिंगचा धोका घटतो, पण पेट्रोलपेक्षा साधारण तीस-चाळीस टक्के जास्त इंधन लागते. वरचे 300 लिटर मग 400 च्या आसपास जातात. पंप, इंजेक्टर, पाइप सगळेच पुन्हा मोजावे लागतात आणि इथेनॉलला टिकणारे घ्यावे लागतात. आज पेट्रोलपुरते घेऊन वर्षभराने ई-85 कडे वळणारा हा खर्च दोनदा करतो.

सगळे बसवल्यावर फ्युएल रेलवर प्रेशर सेन्सर लावून डायनोवर नोंद घ्यावी. रेव्ह चढताना इंधनाचा दाब बूस्टबरोबर वाढण्याऐवजी खाली आला, तर त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडावा आणि पुरवठ्यातला दोष सापडेपर्यंत पुढचा रन घेऊ नये.