भय, श्रद्धा आणि ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीच्या वर्गात आजही आवडीने शिकवली जातात. प्रांजळ निवेदन, घरगुती विनोद, बोलभाषेचा गोडवा, रेव्हरंड टिळकांच्या लहरी स्वभावाची चित्रे या मुद्द्यांवर प्रश्नोत्तरे तयार होतात. धर्मांतराचा भाग आला की तो ‘कौटुंबिक संघर्ष’ या मथळ्याखाली उरकला जातो. याउलट ख्रिस्ती मंडळींत हाच ग्रंथ श्रद्धेची साक्ष म्हणून वाचला जातो. तेथे श्रद्धेचा विजय दिसतो; परंतु त्याआधीची दीर्घ, गोंधळलेली भीती दृष्टीआड होते. आमच्या मते ही दोन्ही वाचने अपुरी आहेत. ‘स्मृतिचित्रे’ हे भयाचे आणि भय ओलांडण्याचे पुस्तक आहे, आणि त्यातली ख्रिस्तश्रद्धा वगळून ते समजत नाही.

हे भय कशाचे होते? लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आजोबांना १८५७च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झालेली. वडिलांना सोवळ्याचे असे विलक्षण वेड जडलेले, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याखेरीज घरात घ्यायचे नाही. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या मनात विटाळाची कल्पना विचार म्हणून शिरत नाही. ती अंगवळणी पडते. विचार युक्तिवादाने खोडता येतो, अंगात मुरलेली भीती खोडता येत नाही. म्हणूनच नारायण वामन टिळकांच्या साऱ्या विद्वत्तेचा या भीतीपुढे काही इलाज चालला नाही.

टिळकांच्या परिवर्तनाची सुरुवात आपल्या विदर्भातली आहे. नागपुरात काही काळ राहिल्यानंतर १८९३ साली ते राजनांदगावला निघाले असता रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने काढली. नवरा जिवंत, पण नांदणे नाही. सौभाग्य आहे, पण सांगायची सोय नाही. लोकलज्जेचे भय आणि विटाळाचे भय अशी दुहेरी कोंडी त्यांच्या वाट्याला आली.

या कोंडीतून त्या कशा सुटल्या, हे अभ्यासकांनी बारकाईने पाहायला हवे. पतीजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे वेगळेच ठेवले होते. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हे त्यांना राहुरीच्या वास्तव्यात स्वतःच्या विचाराने पटले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. आम्हांला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी श्रद्धा आली आणि तिने बक्षीस म्हणून धैर्य दिले, असे येथे घडलेले नाही. भीत भीतच एक पाऊल पुढे पडले, आणि त्या पावलाला उभे राहायला श्रद्धेने जमीन दिली.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, त्या काळची स्त्री शेवटी पतीमागे गेली, यात धैर्य कसले? परंतु नुसते मागेच जायचे असते तर १८९५ साल पुरेसे होते. मधली पाच वर्षे हेच सांगतात की पतीचा धर्म त्यांनी पत्नीधर्म म्हणून स्वीकारला नाही.

पुढे साठी उलटल्यावर त्यांनी या आठवणी लिहिल्या; पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तोवर त्या ख्रिस्ती समाजात मान्यता पावलेल्या होत्या. स्वतःला निर्भय रंगवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी उलट आपल्या सोवळ्याची, भाबडेपणाची, रडण्याभांडण्याची यथेच्छ थट्टा केली. त्यांच्या विनोदाला आपण शैलीचा गुण म्हणतो, पण तो भयमुक्तीचा पुरावाही आहे. ज्या भीतीने एकेकाळी रात्रीची झोप उडवली, तिच्याकडे पाहून त्या हसू शकतात. खुद्द शुभवर्तमानांतही भीती लपवलेली नाही. गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ होतो. पेत्र भीतीपोटी आपल्या गुरूला तीनदा नाकारतो. लक्ष्मीबाईंची कबुली याच परंपरेत बसते.

मात्र श्रद्धेतून आलेल्या धैर्याची खरी कसोटी आणखी पुढे असते. जुना समाज सोडणे कठीण खरेच. पण ज्यांनी जवळ केले त्या नव्या समाजापुढे ताठ उभे राहणे त्याहून कठीण. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परक्या देशात, लहान मुलीसह, आश्रय देणाऱ्या अँग्लिकन भगिनींवर त्या अवलंबून होत्या. तरीही धर्ममतांच्या प्रश्नांवर त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या हवाली केली नाही. याच बाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे जाऊन निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. ज्या भयाने घर पुसून टाकले, त्याच भयाच्या प्रदेशात त्या स्वतःहून परतल्या. टिळकांनीही १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा घाट घातला. ख्रिस्त या मातीतला होऊन आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी मिशनच्या नोकरीचा आधार सोडला. पोटासाठी धर्म बदलला, हा सरसकट आरोप अशा चरित्रांपुढे टिकत नाही.

अर्थात धैर्याचा मक्ता कोणत्याही एका धर्माकडे नाही. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली मृत्यू पावलेल्या सावित्रीबाई फुले सत्यशोधक परंपरेतल्या होत्या. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेनेच धैर्य येते, असे आमचे म्हणणे नाही. या व्यक्तींना ते त्या श्रद्धेतून मिळाले, एवढे सत्य मात्र संकोच न करता वर्गात सांगितले पाहिजे. तुकोबांच्या धैर्याचे मूळ विठ्ठलात आहे हे सांगताना आपण अडखळत नाही. मग लक्ष्मीबाईंच्या बाबतीतच का अडखळावे?

मुकुटबनसारख्या, तेलंगणाच्या सीमेजवळच्या गावात मराठी शिकवताना हा प्रश्न आम्हांला केवळ वाङ्मयीन वाटत नाही. घरी कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीत चार ओळी लिहिताना बिचकतो. आपले देव, आपले घर, आपली भाषा वर्गात सांगावी की नाही, या विचाराने गप्प बसतो. ज्या बाईला लिहावाचायला लग्नानंतर पतीने शिकवले, जिने शाळेतल्या मराठीऐवजी तोंडातल्या मराठीत लिहिले, तिचे पुस्तक अशा विद्यार्थ्याच्या हाती धीर म्हणून ठेवता येते. पण ते अर्धे ठेवून चालणार नाही. शिक्षकच धर्मांतराची पाने चाळून पुढे जात असेल, तर काही गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, हाच धडा विद्यार्थी घेणार.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना विनोदाबरोबर विटाळ शिकवावा, राहुरीचा निश्चय शिकवावा आणि बाप्तिस्माही शिकवावा. विद्यार्थ्याने तो धर्म स्वीकारण्याचा प्रश्नच नाही. एका भित्र्या मुलीची लेखिका कशी झाली, हे त्याला संपूर्ण कळावे, एवढेच आमचे मागणे आहे.