तिकीट दिवसाचं, मजा दीड मिनिटाची

एसटीत वाहक म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे गर्दी दिसली की माझे डोळे आधी सीटा मोजतात. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन एका थीम पार्कात गेलो, तिथंही तेच केलं. एका फेरीत वीस माणसं, दर तीन मिनिटांनी एक फेरी, म्हणजे तासाला चारशे. पुढे आठशे डोकी असली की दोन तास तिष्ठायचं आणि दीड मिनिट किंचाळायचं. धाकटी तर रांगेतच माझ्या खांद्यावर झोपली. गर्दी कितीही वाढो, पाळण्याच्या सीटा वाढत नाहीत. एसटी निदान जादा गाडी तरी सोडते!

अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांनी १९९९मध्ये रांग टाळायला फुकट फास्टपास काढला. २०२१मध्ये त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. रांग काही संपली नाही, खिशाप्रमाणे तिची वाटणी झाली.

गर्दीच्या दिवशी जाणं परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत. पण ज्याला रविवारशिवाय सुट्टीच नाही, त्यानं काय करावं? म्हणून पार्कवाल्यांनी पाळण्यांना झेपतील तेवढीच तिकिटं विकावीत आणि रांग किती तासांची आहे, ते तिकीट खिडकीवरच लिहावं. तोवर ज्यांना जमेल त्यांनी शाळा चालू असताना एखाद्या मंगळवारी रजा टाकावी. पोरांची एक दिवस शाळा बुडाली, तर आभाळ कोसळत नाही.