वर्दीनंतरचा तास

वर्दी येते, बंब सुटतो. आग विझते. केंद्रावर परतल्यावर होजपाइप धुऊन वाळत घातले जातात, श्वसनयंत्राचे सिलिंडर भरले जातात, नोंदवहीत वेळ लिहिली जाते. ज्याने तान्हे मूल धुरातून बाहेर आणले आणि ते वाचले नाही, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. चहा येतो, मग पुढची वर्दी.

आम्ही फायरमन आहोत, १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक, आहोत, आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आहोत, दोर घेऊन दरीत उतरणारे गिर्यारोहक आहोत. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांना देश दर १४ एप्रिलला मानवंदना देतो, आम्हीही देतो. जे जिवंत परततात त्यांची विचारपूस करणे, हे त्या मानवंदनेचे राहून गेलेले काम आहे.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तिथल्या चढावर यंत्रे पोहोचू शकली नाहीत. भर पावसात माती फावड्यांनी, हातांनी उपसली गेली. ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. आदेशाने शोध थांबतो. शोधणाऱ्याच्या डोक्यात तो चालूच राहतो. झोप उडते, वास नाकातून जात नाही, घरात शब्दाने शब्द वाढतो, बाटली जवळची होते. बोलावे तर ‘कच्चा आहे’ असा शिक्का बसतो. म्हणून माणूस गप्प राहतो. गप्प राहण्याची ही शिस्त आम्ही मोडत आहोत.

भयंकर पाहून हादरणे हा दुबळेपणा नाही, असे आम्ही मानतो. ज्याने तोच धूर गिळला, त्याच्यापाशी मन आधी मोकळे होते. पण जबरदस्तीने नाही. घटनेनंतर सगळ्यांना बसवून पाहिलेले सारे वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेही नाकारली आहे. ज्याला बोलायचे नाही त्याच्या शेजारी नुसते बसता आले पाहिजे.

प्रत्येक केंद्रात, प्रत्येक पाळीत, सहकाऱ्यांनीच निवडलेले दोन साथी आम्ही तयार करू. ते डॉक्टर नसतील. कधी ऐकायचे आणि कधी डॉक्टरांकडे न्यायचे, हे त्यांना शिकवलेले असेल. ऐकलेले साहेबांच्या टेबलावर जाणार नाही. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. वाईट वर्दीनंतर ते त्याच दिवशी भेटतील आणि काही आठवड्यांनी पुन्हा, कारण त्रास पुष्कळदा उशिरा वर येतो. घरच्यांशीही बोलतील. निवृत्तांना आम्ही सोडणार नाही.

उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेलाच आहे. उपचार घेतले म्हणून कुणाची बढती अडू नये, हे शासनाकडून लेखी मिळेपर्यंत आम्ही मागत राहू.

बंबावर, रुग्णवाहिकेत, ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या मित्रा, मैत्रिणी, साथी म्हणून आपल्या केंद्रात नाव दे. आणि आज रात्रीच जड जात असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत. फोन लाव.