प्रेमळ शाळेचे मौन

निवासी शाळेची पारख करताना आपण जेवण, स्वच्छता, शिस्त आणि निकाल पाहतो. या चारही कसोट्यांना उतरूनही एखादी शाळा मुलांचा विश्वासघात करू शकते काय? काझुओ इशिगुरो यांची २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘नेव्हर लेट मी गो’ ही कादंबरी हाच प्रश्न उभा करते. नागासाकीत जन्मलेल्या आणि बालपणीच इंग्लंडला गेलेल्या या लेखकास २०१७ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाने ती वाचावी, असे मला वाटते.

कादंबरीतील इंग्लंडचा इतिहास खऱ्या इतिहासाहून वेगळा आहे. महायुद्धानंतर तेथे माणसाच्या प्रतिकृती घडविण्याची विद्या साधली असून त्यांचे अवयव काढून इतरांचे दुर्धर रोग बरे केले जातात. हेलशॅम ही अशा मुलांची निवासी शाळा. त्यांना आईबाप नाहीत. आडनावाच्या जागी केवळ एक अक्षर आहे. पण तेथे मारहाण नाही की उपासमार नाही. चित्रकलेला आणि कवितेला प्रोत्साहन आहे. मुलांची निवडक चित्रे बाहेर नेली जातात. या मुलांनाही आत्मा आहे, हे समाजाला पटावे म्हणून.

मुख्याध्यापिका मिस एमिली दुष्ट नाहीत. मुलांना सुखाचे बालपण लाभावे, यासाठीच त्या भवितव्याचे सत्य उघडपणे बोलू देत नाहीत. मिस लुसी नावाच्या शिक्षिका ते स्पष्ट सांगतात आणि त्यांना शाळा सोडावी लागते. मोठेपणी ही मुले मोटार चालवतात, गावोगाव फिरतात, तरी एकही पळून जात नाही. प्रेमात पडलेली कॅथी आणि टॉमी मागतात ती फक्त काही वर्षांची मुदत. तीही मिळत नाही.

बौद्ध वाचकाला येथे थांबावे लागते. तथागतांनी आत्मा मानला नाही. समोरच्याचे दुःख हीच करुणेला पुरेशी साक्ष मानली. माणूस असल्याचा पुरावा मागणे हाच मूळ अन्याय आहे. हेलशॅमने ती मागणी निमूटपणे स्वीकारली आणि चित्रे दाखवून दया मागितली. पुढे लोकमत फिरले, देणगीदार पांगले आणि शाळा बंद पडली. दयेवर उभ्या राहिलेल्या घराचे आयुष्य तेवढेच असते.

बाबासाहेबांची वाट निराळी होती. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. निवारा आणि हक्काची जाणीव एकाच चळवळीने दिली. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी पुढे ‘मिलिंद’ हे नाव दिले. भिक्खू नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव. आज्ञाधारक शिष्याचे नव्हे, प्रश्नकर्त्याचे नाव निवडले गेले, हे आपण विसरू नये.

आपल्या मुलांपुढे हेलशॅमचे भवितव्य नाही. पण फाटकाबाहेर जात त्यांची वाट पाहत असते: भाड्याच्या खोलीच्या दारात, महाविद्यालयाच्या खाणावळीत, नोकरीच्या मुलाखतीत. कोवळ्या मनांवर हे ओझे नको, असे काही शिक्षकबंधू प्रामाणिकपणे म्हणतात. वय पाहून सांगावे, हे मला मान्य आहे. सांगूच नये, हे मान्य नाही. अपमान कोणत्या रूपांत येतो, त्याविरुद्ध संविधानाने आणि कायद्याने काय दिले आहे, दाद कोठे मागायची, हे दहावीपूर्वी प्रत्येक मुलाला कळले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर आपले अनुभवही शाळेत आणावेत. आणि मुलांनी आम्हा शिक्षकांनाही अडचणीचे प्रश्न विचारावेत. ते ऐकण्याची तयारी ही आमची परीक्षा आहे.

पोटभर अन्न आणि मायेचा हात हे मुलांचे हक्कच आहेत. सत्य जाणून घेणे हाही त्यांचा तितकाच हक्क आहे. प्रेमापोटीसुद्धा तो हिरावून घेता येत नाही.