जुना संगणक ठेवा, केबल काढा

"साहेब, चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

कार्यालयांचे आणि कारखान्यांचे संगणक सांभाळण्याच्या कामात हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नाही. छापखान्याचे मालक हे म्हणतात, लेथच्या कारखान्यातले सुपरवायझर म्हणतात, पतसंस्थेचे व्यवस्थापकही म्हणतात. हे वाक्य अडाणीपणाचं नाही, हे मी आधीच मान्य करतो. एखाद्या छापखान्यात वीस वर्षांचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांमध्ये, पेजमेकरच्या फायलींत साठलेला असतो. ती फाइल नव्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि तीनशे पानांचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं. एखाद्या कारखान्यात लाखो रुपयांचं सीएनसी यंत्र असतं. त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं, आणि ते बनवणाऱ्या कंपनीने नवी आवृत्ती काढणं केव्हाच थांबवलेलं असतं. अशा माणसाला 'एक्सपी फेकून द्या' असं सांगणारा त्याचं कामच समजून घेत नाही.

तेव्हा जुना संगणक वापरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या संगणकाच्या मागच्या बाजूला खोचलेल्या केबलीशी आहे, आणि त्या केबलीवर अजून कान लावून बसलेल्या, कोणीही वाली न उरलेल्या सॉफ्टवेअरशी आहे.

सॉफ्टवेअर गंजत नाही, असं म्हणतात. बहुतेक सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते खरंही आहे. २००१ सालचा पेजमेकर आज जसाच्या तसा चालतो, कारण तो फक्त तुमच्याशी बोलतो. त्यात चुका असतील, पण त्या तुम्हाला सवयीच्या झालेल्या असतात. नेटवर्कच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. ते बाहेरून आलेला प्रत्येक निरोप घेतं, आणि पाठवणारा कोण हे ठरवायच्या आधीच त्यातला बराचसा मजकूर वाचून मोकळं होतं. त्यातली चूक तुम्हाला वीस वर्षं दिसली नसेल, पण जगात कोणालातरी ती दिसते. एकदा दिसली की ती लिहिली जाते, वाटली जाते, तिच्यावर हत्यार तयार होतं. तुमचा संगणक आहे तिथेच असतो, बदल बाहेर झालेला असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एसएमबी हेच आहे. 'शेअर केलेलं फोल्डर' म्हणून आपण जे वापरतो, त्यामागचा हा प्रोटोकॉल आयबीएममध्ये १९८०च्या दशकात तयार झाला. त्याची पहिली आवृत्ती एक्सपीत आहे आणि एक्सपीला दुसरी येत नाही. या पहिल्या आवृत्तीतली जी चूक 'इटर्नलब्लू' नावाच्या हत्याराने वापरली, ती नेमकी कुठे होती हे फारसं सांगितलं जात नाही. ती ओएस/२ या प्रणालीकडून आलेल्या माहितीचं विंडोजच्या पद्धतीत रूपांतर करणाऱ्या कोडमध्ये होती. ओएस/२ म्हणजे १९८७ साली आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणलेली प्रणाली. आयबीएमनेही २००६ च्या अखेरीस तिची साथ सोडली. त्या कोडमध्ये यादीची लांबी ३२ बिटांत लिहिलेली असे, पण ती दुरुस्त करताना फक्त १६ बिट बदलले जात. त्यामुळे जो आकडा लहान व्हायला हवा तो मोठाच राही, आणि लहान जागेत मोठी यादी ओतली जाई. जागेबाहेर सांडलेल्या त्या बाइटांमधून परका माणूस संगणकाच्या गाभ्यात शिरे, आणि त्याला पासवर्डही लागत नसे.

म्हणजे एका मेलेल्या प्रणालीशी बोलता यावं म्हणून ठेवलेला दुभाषा तीस वर्षांनी घरफोड्याच्या कामी आला. जे ओएस/२चं झालं तेच आज एक्सपीचं होतं आहे. कार्यालयात एकच जुना संगणक असतो, पण त्याच्याशी बोलता यावं म्हणून बाकीच्या नव्या संगणकांवरही एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू केली जाते. कॉपियर मशीनचं 'स्कॅन टू फोल्डर' चालेना म्हणून तंत्रज्ञ येतो, विंडोजच्या यादीत जाऊन एसएमबी १.० समोरच्या तिन्ही चौकटींत खुणा करतो, स्कॅन आलं की सही घेतो आणि निघून जातो. ही खूण पुढे कोणी काढत नाही, हे मी अनेक कार्यालयांत पाहिलं आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा या प्रोटोकॉलची जबाबदारी असलेल्या नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्येच जाहीरपणे लिहिलं होतं, की एसएमबी १ वापरणं थांबवा. पुढच्या वर्षी कंपनीने त्याचा सर्व्हर भाग नव्या विंडोजमध्ये मुळात बसवणंच बंद केलं. बनवणाराच जे काढून टाकतो, ते आपण हाताने परत बसवतो आहोत.

आता पूर्वपक्ष. त्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेतो, कारण तो टाळून बाकीचे खोडणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जाणकार माणूस विचारतो, '२०१७ च्या वॉनाक्रायने एक्सपीचं काय बिघडवलं?' आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. इटर्नलब्लू वापरून पसरणाऱ्या या खंडणीखोर जंतूचा हल्ला १२ मे २०१७ ला सुरू झाला, दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांना तो भोवला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टांची कामं विस्कटली. तेव्हा सगळ्या बातम्यांनी एक्सपीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. पण नंतर तपासात दिसलं, की बाधित संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते. ते तेव्हा कंपनीच्या आधारातले होते, त्यांच्यासाठीचा पॅच १४ मार्चला येऊनही पडलेला होता, फक्त कोणी तो लावला नव्हता. एक्सपीवर तर तो जंतू नीट चालतच नसे. बऱ्याचदा निळा पडदा येऊन संगणक बंद पडे.

ही वस्तुस्थिती मान्य. पण तिचा अर्थ एक्सपी सुरक्षित होता असा होत नाही. भोक एक्सपीतही तेच होतं, त्या जंतूचं हत्यार तेवढं एक्सपीसाठी नीट घडवलेलं नव्हतं. २००८ सालच्या कॉनफिकर या जंतूच्या वेळी हत्यार नीट होतं. तोही फायली वाटून घेण्याच्या याच ४४५ क्रमांकाच्या पोर्टातून आला आणि एक्सपीवर सुखाने पसरला. चोराची किल्ली एकदा कुलपात अडकली, म्हणून ते कुलूप चांगलं ठरत नाही. आणि निळा पडदा येऊन सीएनसी यंत्र मध्येच थांबणं, हेही कारखान्याच्या दृष्टीने 'काही बिघडलं नाही' या सदरात बसत नाही.

दुसरा युक्तिवाद: अडचण आली की मायक्रोसॉफ्ट देतंच पॅच. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी वॉनाक्रायनंतर कंपनीने एक्सपीसाठी पॅच दिला. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक सापडलं तेव्हाही दिला. खरं आहे. पण पहिला पॅच आला तेव्हा आग लागून चुकली होती, आणि दुसरा आपोआप येणार नव्हता, तो हाताने शोधून उतरवावा लागत होता. तुमच्या छापखान्यात तो कोणी उतरवला का? मी हा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर बहुतेक वेळा शांतताच असते.

तिसरा: अँटिव्हायरस आहे ना. अँटिव्हायरस मुख्यतः फायली तपासतो. २००३ च्या जानेवारीतला स्लॅमर हा जंतू अवघा ३७६ बाइटांचा होता, आणि तो डिस्कवर कुठलीही फाइल लिहीतच नसे, नेटवर्कवरून थेट मेमरीत उतरे. नेटवर्कच्या सॉफ्टवेअरवरचा हल्ला आधी मेमरीत होतो, फाइल आलीच तर नंतर येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत आहे. शिवाय त्या एक्सपीवरचा अँटिव्हायरस शेवटचा कधी अद्ययावत झाला, तेही एकदा बघा.

'आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय' या म्हणण्याला थोडक्यात उत्तर आहे. खंडणीखोराला तुमच्या फायली विकायच्या नसतात, त्या तुम्हालाच परत विकायच्या असतात. वॉनाक्राय ३०० डॉलर मागे, तीन दिवसांनी ६००. तो संगणक निवडून घेत नसे, मनाला येतील ते पत्ते ठोठावत फिरे. वीस वर्षांच्या पेजमेकर फायलींची किंमत बाहेरच्या जगात शून्य असेल, तुमच्या लेखी ती किती आहे ते तुम्हीच सांगा.

आणि शेवटचा, जो मी सगळ्यात जास्त ऐकतो: 'त्याला इंटरनेट दिलेलंच नाही, फक्त आतल्या नेटवर्कवर आहे.' याचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावर मिळतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा जंतू सुटला. तो शिरला युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, पण पसरला कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कवरून. मेर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्याच समूहाकडे असलेलं न्हावा शेव्याच्या बंदरातलं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरचं काम हाताने करण्याची वेळ आली. मेर्स्कला १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं तिच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं. नॉटपेट्याची रीत नीट समजून घ्यायला हवी. ज्या संगणकावर पॅच नसे तिथे तो एसएमबीच्या भोकातून शिरे. शिरल्यावर त्या संगणकाच्या मेमरीतले पासवर्ड चोरी, आणि त्या पासवर्डांनी पॅच लावलेले, धडधाकट संगणक उघडी. म्हणजे आतल्या नेटवर्कवरचा एक कच्चा संगणक पुरतो, बाकीचे पक्के असले तरी. बाहेरून लॅपटॉप घेऊन आलेला एक पाहुणा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडणारा एक कर्मचारी, एवढ्यावर आत-बाहेरची भिंत उभी असते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग नवीनच घ्या की. हा दुसरा पक्षही मला मान्य नाही. विक्रेते आणि सल्लागार प्रत्येक जुन्या यंत्रावर बोट ठेवतात ते साप म्हणून भुई धोपटण्यासारखं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि टीपीएम २.० ही चिप नाही म्हणून धड चालणारे असंख्य संगणक विंडोज ११ साठी नापास ठरले. ते सगळे भंगारात काढायचे? त्यांतल्या पुष्कळ संगणकांवर लिनक्स बसवून आणखी कित्येक वर्षं काम होईल. आणि जिथे फक्त एक्सपीच हवी, तिथे एक्सपी राहू द्या. वाडा जुना आहे म्हणून कोणी पाडत नाही, दिंडीची कडी मोडली असेल तर ती आधी बसवतात.

कडी बसवायची ती अशी. फाइल उघडण्यापुरता, छापण्यापुरता एक्सपी लागत असेल तर त्याला नेटवर्कच नको. शक्य असेल तर तो नव्या संगणकाच्या पोटात आभासी यंत्र म्हणून ठेवा आणि त्याचं नेटवर्क कार्ड काढून टाका. जुनं सीएनसी यंत्र सिरियल केबलवरून प्रोग्राम घेत असेल तर ती केबल कौतुकाने जपा. तिच्यावरून एसएमबीचा जंतू येत नाही. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर त्याच एका कामाचा वेगळा ठेवा, कारण २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा जंतू नेटवर्कशिवायच्या यंत्रांपर्यंत पेनड्राइव्हवरूनच पोचला होता.

फायलींची ये-जा रोजचीच असेल तर मध्ये एक पहारेकरी बसवा. जुना पडलेला एखादा संगणक घ्या, त्यात दोन नेटवर्क कार्डं टाका आणि लिनक्सवर सांबा हे फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर बसवा. एका कार्डाला फक्त एक्सपी जोडा, दुसऱ्याला बाकीचं कार्यालय. सांबाने सप्टेंबर २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ आपणहून बंद ठेवला आहे, तो त्या एका बाजूपुरता चालू करावा लागेल. त्यासाठी सांबा दोनदा, दोन वेगळ्या सेटिंगांनी चालवावा लागतो, तेवढी खटपट करा. दोन्ही कार्डांमधली थेट वाट बंद ठेवा, म्हणजे फाइल जाईल पण संगणक संगणकाला शिवणार नाही. कॉपियरसाठीही हाच पहारेकरी चालतो, आणि मग सगळ्या नव्या संगणकांवरची ती एसएमबी १.० ची खूण काढून टाकता येते. यात नवी खरेदी जवळजवळ नाही. एका जाणत्या माणसाचा एक दिवस लागतो.

नव्या यंत्राची खरेदी करताना मात्र विक्रेत्याला लेखी विचारा, की याचं नेटवर्कचं सॉफ्टवेअर किती वर्षं दुरुस्त करून द्याल. यंत्र पंचवीस वर्षं चालणार असेल आणि उत्तर पाच वर्षांचं असेल, तर उरलेल्या वीस वर्षांसाठी ते केबलीविना चालेल का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

उद्या कामावर गेलात की त्या जुन्या संगणकाच्या मागे हात घालून बघा. तिथे केबल खोचलेली असेल, तर ती कुठे जाते ते शोधा. ती कशासाठी लावली होती हे कोणालाच आठवत नसेल, तर त्याच क्षणी काढून ठेवा.