चुकलेल्या आकड्यांची व्याख्यानमाला हवी

जानेवारी १९८२मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजाराने नवा निर्देशांक सुरू केला. सुरुवातीचा आकडा १०००. बाजार बरा चालला होता, निर्देशांक मात्र घसरतच गेला आणि नोव्हेंबर १९८३पर्यंत सव्वापाचशेच्या आसपास आला. शोध घेतल्यावर कारण अगदी साधे निघाले. प्रत्येक व्यवहारानंतर संगणक निर्देशांक नव्याने काढायचा आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक सरळ छाटून टाकायचा. दिवसाला हजारो वेळा. दुरुस्तीनंतर खरा आकडा आला सुमारे १०९९.

तिथे बिघडला तो आकडा. सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये २५ फेब्रुवारी १९९१ रोजी माणसे गेली. येणारी क्षेपणास्त्रे अडवणाऱ्या पॅट्रियट यंत्रणेचे घड्याळ एक दशांश सेकंदाच्या हिशेबाने वेळ मोजत असे. १/३ दशांशात लिहायला घेतले तर ०.३३३... असे संपतच नाही; संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत १/१०चे नेमके तेच होते. मग तो २४ बिटांवर तोडला गेला. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती, तेवढ्या वेळात चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर पोहोचली. ०.३४ सेकंदांत शत्रूचे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते. त्याला अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले.

संगणकीय गणिताचा गाभा इथे आहे. उत्तर काढणे हा त्याचा अर्धा भाग. आलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हा उरलेला अर्धा आणि जास्त महत्त्वाचा. न्यूटन-रॅफसन, रुंगे-कुट्टा या पद्धती बी.एस्सी.च्या मुलांना पाठ असतात. पण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनमध्ये करून पाहिली की ०.३ऐवजी ०.३०००००००००००००००४ का येते, यावर वर्गात तासभर बोलणारे शिक्षक विरळाच. विद्यापीठांनी या विषयावर व्याख्यानमाला जरूर भरवाव्यात, मात्र पहिले व्याख्यान चुकांवर असावे आणि दार सर्वांसाठी उघडे असावे.

महाराष्ट्राला अशा उघड्या दाराची सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत श्रोत्याकडे कुणी पदवी मागत नाही. गणितासाठी ती का मागावी? कर्जाचा हप्ता, विम्याचा दावा, पावसाचा अंदाज या सगळ्यांत गणित संगणकाच्या पोटात चालते आणि निकाल शेतकऱ्यापासून पेन्शनरापर्यंत सगळ्यांना भोगावा लागतो.

पावसाचेच घ्या. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१०च्या हवामानाचे सहा तासांचे गणित हाताने केले आणि ते १९२२मध्ये पुस्तकात छापले. हवेच्या दाबात १४५ हेक्टोपास्कलचा बदल, असे अशक्य उत्तर आले होते. त्यांनी ते लपवले नाही, आणि पुढच्या पिढीला दिशा मिळाली ती त्या प्रामाणिकपणामुळे. १९६१मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाच्या संगणकीय प्रारूपात ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ भरले, तर काही काळातच हवामानाचे चित्र पूर्ण पालटले. आज पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्क' हा महासंगणक आहे आणि २०२५पासून देशाचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटींवर निघतो; आधी ती चौकट बारा किलोमीटरची होती. तरीही एका चौकटीतले दोन डोंगर आणि मधली दरी गणिताला वेगळी दिसत नाही. सह्याद्रीत घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि काही मैलांवर कोरडे शिवार, हे चित्र नेहमीचे आहे.

तेव्हा पुणे, कोल्हापूर, नांदेड, जळगावच्या विद्यापीठांनी संध्याकाळच्या वेळी, मराठीत, अशी व्याख्याने ठेवावीत. हवामानतज्ज्ञाने गेल्या पावसाळ्यातला फसलेला अंदाज फळ्यावर मांडावा, विमा कंपनीच्या गणितज्ञाने हप्ता कसा ठरतो ते उलगडून दाखवावे, आणि प्रश्नांसाठी व्याख्यानाइतकाच वेळ राखून ठेवावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. सभागृहे आहेत, तज्ज्ञ याच राज्यात आहेत; येत्या सत्राच्या वेळापत्रकात पहिली तारीख घालणे कुलगुरूंच्या हातात आहे.