डोळ्यांचा डॉक्टर : निवड कुणाची?

डोळ्यांचा डॉक्टर रुग्णाने नीट पारखून निवडावा, असा उपदेश हल्ली सर्रास केला जातो. उपदेश चुकीचा नाही. परंतु निवडीसाठी माहिती लागते आणि पर्यायही लागतो. मोतीबिंदूने अंधुक झालेल्या शेतमजूर वृद्धेजवळ यांपैकी काय असते? वैद्यकीय सेवेत ज्ञान विकणाऱ्यापाशी असते, घेणाऱ्यापाशी नसते, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच मांडले. वांगे किडके आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला निदान चिरल्यावर तरी कळते. डोळ्यात कोणते भिंग बसवले, हे पट्टी सुटल्यावरही कळत नाही.

या अज्ञानावरच महाग भिंगांचा आणि यंत्रांचा बाजार उभा आहे. फेको आणि लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया यांची तुलना पुण्यात झाली व २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. फेकोनंतर चष्म्याविना अधिक रुग्णांना चांगले दिसले, हे खरे. पण दोन्ही पद्धती सुरक्षित ठरल्या आणि चष्म्यासह येणारी दृष्टी जवळपास सारखीच होती. म्हणजे स्वस्त शस्त्रक्रिया ही हलकी शस्त्रक्रिया नव्हे. हे गरिबाला कोण सांगणार?

पर्याय उभा राहू शकतो, याचा पुरावाही आहे. १९७६ मध्ये केंद्राचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत अकरा खाटांचे अरविंद रुग्णालय काढले. पैसे देणाऱ्यांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांवर उपचार होऊ लागले. १९९२ पासून संस्थेशी संलग्न ऑरोलॅबने कृत्रिम भिंगे स्वस्तात बनविली. हे केवळ दानधर्माचे नव्हे, तर श्रमाच्या उत्तम संघटनेचे यश आहे. मात्र एका संस्थेची पुण्याई शासनाची जबाबदारी संपवीत नाही. जिल्हा रुग्णालयात नेत्रतज्ज्ञाची जागा रिकामी असेल, तर ‘निवड’ हा शब्द थट्टाच ठरतो.

तोवर कार्यकर्त्यांनी काय करावे? रुग्णासोबत जावे आणि विचारावे : डॉक्टरांची वैद्यक परिषदेकडे नोंदणी व नेत्रशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता आहे काय? भिंग कोणते, किंमत किती, पावती मिळेल काय? शस्त्रक्रियेनंतर रात्री डोळा दुखू लागला तर कोण पाहील? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा आजच्या आज करावी लागत नाही; दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास सवड असते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे नेत्रतपासणी नव्हे, हेही वस्तीत सांगावे. काचबिंदू बहुधा न दुखता दृष्टी खातो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेही माणसाने तर दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे.

हे प्रश्न एकट्या रुग्णाने विचारले तर त्याला उद्धट ठरविले जाते. संघटनेने विचारले की उत्तर द्यावे लागते. निवडीचे स्वातंत्र्य गरिबाच्या हाती यायचे असेल, तर आधी रुग्णालयाच्या दारात त्याच्याबरोबर कुणीतरी उभे राहिले पाहिजे.